जर्मन सायकेडेलिक प्रोग्रेसिव्ह रॉकमधला फारसा चर्चेत नसलेला कोणता अल्बम ऐकावा?

याथा सिध्रा या बँडचा ‘अ मेडिटेशन मास’ ऐकावा, असे मी सुचवेन. रोल्फ आणि क्लाउस फिश्टर या भावांच्या बँडचा हा एकमेव अल्बम १९७४ मध्ये ‘ब्रेन’ या लेबलने काढला. (बँडचे नाव संस्कृतवजा असले, तरी त्याचा अर्थ लावत बसू नये.) सुमारे ४० मिनिटांची एकच रचना चार भागांत विभागलेली असून, पहिल्या भागात मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या संथ लाटांवर बासरी आणि गिटार इतक्या सावकाश उतरतात की, आलापीची सवय असलेल्या कानांना ते मुळीच परके वाटत नाही. तिसऱ्या भागावर मात्र जॅझचा रंग चढतो, ड्रम्स मोकळे सुटतात आणि बासरीही धिटाईने वाजू लागते. मला तोच भाग सर्वांत सरस वाटतो.