फुटबॉल मॅनेजरसारख्या खेळांसाठी स्ट्रॅटेजी गाइड वाचण्याचा खरोखर उपयोग होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ‘फुटबॉल मॅनेजर’ हा फुटबॉल क्लबाचा व्यवस्थापक होऊन खेळायचा संगणकावरचा खेळ नव्याने खेळू लागलेल्या माणसाने स्ट्रॅटेजी गाइड वाचावे का, आणि वाचल्यास खेळातली मजा निघून जाते का. शिवाय असेही लिहिले आहे की तुम्ही खालच्या विभागातला एक लहान क्लब घेतला असून, इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या तयार डावपेचांनिशी खेळताना तुमचा संघ पूर्वार्धात बरा खेळतो आणि शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत गोल खातो. या मालिकेच्या अनेक आवृत्त्या मी खेळलो आहे आणि गाइडही पुष्कळ वाचली आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, जे गाइड खेळ आतून कसा चालतो हे समजावून सांगते ते अवश्य वाचावे, आणि जे नुसतेच ‘असे करा, तसे करा’ म्हणून सांगते त्याचा उपयोग मर्यादित असतो व तोही फार दिवस टिकत नाही.

याचे कारण या खेळाच्या घडणीत आहे. कथेवर चालणाऱ्या साहसी खेळात किल्ली कोणत्या खोलीत आहे हे सर्वांसाठी सारखेच असते, त्यामुळे तिथे गाइड अक्षरशः पुढचे पाऊल सांगू शकते. व्यवस्थापनाच्या खेळात तुमचा क्लब वेगळा, पैसा वेगळा, खेळाडू वेगळे, समोरचा संघ दर आठवड्याला वेगळा आणि सामन्याच्या निकालात योगायोगाचा वाटाही असतोच. म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंतची वाट आखून देणारे गाइड इथे लिहिताच येत नाही. 1982 साली केव्हिन टॉम्स यांनी काढलेल्या ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये ठरवण्यासारख्या गोष्टी इतक्या थोड्या होत्या की त्या खेळता खेळताच कळून जात. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ 1992 मध्ये आला आणि त्यातूनच पुढे, 2004 पासून, आजची मालिका जुन्या खेळाचे ‘फुटबॉल मॅनेजर’ हेच नाव घेऊन निघू लागली. तिच्यात मैदानावरच्या एकेका खेळाडूचे 36 गुण 1 ते 20 या मापात दाखवलेले असतात, शिवाय काही गुण मुद्दाम लपवलेले असतात. हे सगळे कुणाच्याही मदतीवाचून उलगडत बसण्यात विशेष पुरुषार्थ आहे असे मला वाटत नाही.

तुमचीच अडचण उदाहरणादाखल घेऊ. तुम्ही उतरवलेले डावपेच बहुधा गेगेनप्रेस पद्धतीचे असावेत, कारण अलीकडच्या आवृत्त्यांत सर्वाधिक फिरणारे तयार डावपेच त्याच पद्धतीचे असतात. त्यात वेग जास्त, बचावफळी वर चढलेली, आणि चेंडू गेला की लगेच सर्वांनी मिळून प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचे. आता तुमच्या मिडफिल्डर्सचा स्टॅमिना (दम) आणि वर्क रेट (मेहनतीची तयारी) हे गुण उघडून पाहा. खालच्या विभागात हे आकडे 8 किंवा 9 असणे अगदी नेहमीचे आहे. स्टॅमिना कमी असला की सामना चालू असतानाच खेळाडूची दमछाक होते. नॅचरल फिटनेस कमी असला की दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत तो पुरता सावरत नाही. आणि कॉन्सन्ट्रेशन कमी असलेला बचावपटू उत्तरार्धात, नेमक्या मोक्याच्या क्षणी, बेसावध सापडतो. त्यात सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, संथ असतील तर वर चढलेल्या बचावफळीच्या मागे पडलेल्या मोकळ्या जागेत एक लांब चेंडू आला तरी पुरे. तुम्हाला पडद्यावर फक्त 78व्या मिनिटाचा गोल दिसतो, पण त्याची तयारी पहिल्या शिटीपासून चाललेली असते. डावपेचांत तसा दोष नाही. ते दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखे आहेत, एवढेच.

हा जो गुणांचा आणि सूचनांचा संबंध आहे, तो चांगले गाइड दोन पानांत समजावून देते. स्वतःहून तो लक्षात यायला आख्खा हंगाम जाऊ शकतो, आणि तो गेल्यावरही आपण भलत्याच कारणावर बोट ठेवण्याची शक्यता राहते. म्हणून अशा प्रकारचे वाचन मी फसवणूक मानत नाही. खऱ्या प्रशिक्षकालाही आपला बचावपटू किती वेगाने धावतो आणि त्यामुळे बचावफळी कुठे ठेवता येईल हे ठाऊक असतेच. खेळ तीच माहिती आकड्यांआड ठेवतो आणि गाइड ती वाचायला शिकवते.

असाच आणखी एक विषय म्हणजे ताऱ्यांचा. खेळाडूची सध्याची क्षमता आणि तो कुठवर जाऊ शकेल ती कमाल क्षमता हे दोन्ही आकडे खेळाच्या आत 200 पैकी मोजलेले असतात, पण तुम्हाला ते दाखवले जात नाहीत; दिसतात ते तुमच्या प्रशिक्षकांनी आणि स्काउटांनी (खेळाडू हेरणाऱ्यांनी) दिलेले तारे. नव्याने खेळू लागलेला माणूस हे तारे म्हणजे पक्के गुण समजतो. प्रत्यक्षात ते तुमच्या सध्याच्या संघाच्या तुलनेत दिलेले असतात, त्यामुळे आज साडेतीन तारे असलेला तुमचा विंगर, संघ वरच्या विभागात जाऊन चार चांगले खेळाडू आले की, स्वतः तसूभरही न घसरता दोन ताऱ्यांवर येतो. शिवाय ते कुणाचे तरी मत असते. खेळाडू पारखण्याचा प्रशिक्षकाचा स्वतःचा गुण कच्चा असेल तर त्याचे तारेही कच्चे. लपवलेल्या गुणांचेही असेच. कामगिरीतले सातत्य, मोठ्या सामन्यांतली धडाडी, दुखापतींची प्रवृत्ती यांचे आकडे कुठेही दिसत नाहीत, परंतु प्रशिक्षकाच्या अहवालातल्या एखाद्या वाक्यातून किंवा खेळाडूच्या स्वभावाला दिलेल्या नावावरून त्यांचा अंदाज येतो. ‘मॉडेल प्रोफेशनल’ असे वर्णन असलेला चौतीस वर्षांचा राखीव खेळाडू तरुणांच्या मेंटॉरिंग गटात, म्हणजे ज्येष्ठांचे वळण तरुणांना लागावे म्हणून केलेल्या गटात, ठेवला तर तो मैदानावर न उतरताही पगार वसूल करून देतो. कोणते वर्णन कोणत्या गुणांकडे निर्देश करते हे गाइडमधून शिकावे, इतका तो तपशील किचकट आहे.

तयार डावपेचांविषयी मात्र मी सावध आहे. प्रत्येक आवृत्तीत सामना चालवणाऱ्या यंत्रणेत काही ना काही फट राहते, आणि हजारो लोक मिळून ती लवकरच शोधून काढतात. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर 03/04’ मधले ‘डायब्लो’ नावाचे डावपेच याच कारणासाठी हा खेळ पूर्वीपासून खेळणाऱ्यांच्या आजही तोंडी आहेत. ते लावले की गोलांचा पाऊस पडायचा, पण त्यातून फुटबॉल समजत नसे, समजायची ती फक्त यंत्रणेतली फट. असे डावपेच वापरणे गैर आहे असे मी म्हणणार नाही, ज्याची त्याची हौस. मात्र ते अपयशी ठरू लागले की काय बदलायचे हे वापरणाऱ्याला कळत नाही, कारण ते यशस्वी का होत होते हेच त्याला कधी कळलेले नसते. तुमची आजची अवस्था, स्पष्ट बोलायचे तर, हीच आहे.

खेळाडूंच्या याद्या हा गाइडचा सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या दृष्टीने सर्वांत कमी कामाचा प्रकार. ‘कोणते तरुण खेळाडू विकत घ्यावेत’ या यादीने शोधण्यातली सगळी गंमत संपते, आणि शोध हाच तर या खेळाचा निम्मा जीव आहे. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर 01/02’ मधला टो मदेरा ज्यांना स्वतःहून सापडला त्यांना तो अजून आठवतो, वास्तवात तसा कुणी फुटबॉलपटूच नव्हता हे नंतर कळूनसुद्धा. याद्यांची दुसरी अडचण तांत्रिक आहे. माहितीसाठ्यात काही तरुण खेळाडूंची कमाल क्षमता एका ठरावीक आकड्याने न देता पल्ल्याने दिलेली असते, आणि प्रत्येक नवा खेळ सुरू करताना त्या पल्ल्यातून आकडा नव्याने ठरतो. यादी करणाऱ्याच्या खेळात जगज्जेता झालेला मुलगा तुमच्या खेळात मध्यम प्रतीचा निघाला तर त्यात तुमच्या प्रशिक्षणाची चूक असेलच असे नाही. हा खुलासा बहुतेक याद्यांत नसतो.

गाइड जुने होण्याचा प्रश्न या मालिकेत फार तीव्र आहे. ‘फुटबॉल मॅनेजर 2009’ मध्ये सामने त्रिमितीत दिसू लागले, 2010 च्या आवृत्तीत डावपेच रचण्याची नवी पद्धत आली, आणि पुढे स्लायडर सरकवून सूचना देण्याची जुनी सोय काढून टाकली गेल्यावर त्या स्लायडरांवर लिहिलेली सगळी गाइड एका झटक्यात निरुपयोगी झाली. आताही तसेच घडले आहे. 2025 ची आवृत्ती रद्द झाल्यामुळे ‘फुटबॉल मॅनेजर 2024’ नेहमीपेक्षा दुप्पट काळ लोकांच्या हाती राहिला, त्यावर अमाप लिहिले गेले, आणि शोध घेतल्यावर आजही तेच लेखन आधी समोर येते. पण 2026 च्या आवृत्तीत चेंडू आपल्याकडे असतानाची रचना आणि नसतानाची रचना वेगवेगळी ठरवावी लागते, त्यामुळे जुन्या गाइडमधली एकच एक रचना जशीच्या तशी उचलता येत नाही. एकाच आवृत्तीतसुद्धा दुरुस्त्या येतात आणि सामन्याची यंत्रणा बदलते, म्हणून गाइड कोणत्या आवृत्तीचे आणि कोणत्या महिन्याचे आहे हे आधी पाहावे. याच्या उलट टोकाला अमेरिकी फुटबॉलवरचा ‘एनएफएल हेड कोच’ आहे: 2006 आणि 2008 असे दोनच खेळ निघाले आणि मालिका थांबली, त्यामुळे त्यांच्यावर तेव्हा जे लिहिले गेले ते आजही तितकेच खरे आहे. दरवर्षी नवी आवृत्ती काढणाऱ्या खेळाला ही सोय नाही.

चांगले गाइड ओळखायचे कसे, याला माझ्याकडे फार शास्त्रशुद्ध कसोटी नाही, पण एक गोष्ट मी आवर्जून पाहतो. लेखकाने आपली पद्धत कुठे कामी येत नाही हे लिहिले आहे का? ‘या रचनेत फुल-बॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) मागे जागा राहते, वेगवान विंगर असलेल्या संघापुढे ती वापरू नका’ असे वाक्य आढळले की माणसाने विचार केला आहे हे समजते. उलट, लीगमधल्या सर्वांत श्रीमंत क्लबाला विजेतेपद मिळवून दिल्याचे पडद्यावरचे चित्र पुरावा म्हणून दाखवले असेल तर तो पुरावाच नव्हे. तो संघ कोणत्याही साधारण डावपेचांनी पहिल्या दोन-तीन क्रमांकांत आलाच असता.

एक तक्रार मात्र नोंदवावीशी वाटते. डावपेचांवर ढिगाने लिहिले जाते आणि करारांवर फारच थोडे, वास्तविक लहान क्लबाचे नशीब तिथेच ठरते. करारात ‘सर्वाधिक पगार असलेल्या खेळाडूइतका पगार’ असे एक कलम असते. ते दिसायला निरुपद्रवी असते, म्हणून जुन्या कर्णधाराला खूश करण्यासाठी आपण ते मान्य करून टाकतो. पुढे एखादा महागडा स्ट्रायकर आणला की कर्णधाराचाही पगार त्याच्याबरोबर चढतो, आणि एका माणसाच्या खरेदीत दोघांचा बोजा अंगावर पडतो. दरवर्षीची पगारवाढ, सामन्यागणिक भत्ता, पुढच्या विक्रीतला वाटा यांविषयी सविस्तर लिहिलेले गाइड मिळाले तर ते आवृत्ती जुनी असली तरी वाचावे, कारण खेळाचा हा भाग सामन्याच्या यंत्रणेइतका वरचेवर बदलत नाही.

मजा जाते का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गाइड केव्हा उघडता यावर अवलंबून आहे. खेळ सुरू करण्याआधी सगळे वाचून काढले तर निम्मे डोक्यावरून जाते आणि उरलेले परीक्षेच्या अभ्यासासारखे वाटू लागते. आधी थोडे खेळून पाहावे, प्रश्न पडू द्यावा, आणि तेवढ्यापुरतेच वाचावे. खेळाच्या आतच जे मार्गदर्शन दिलेले आहे तेही विसरू नये: भूमिका निवडताच तिला आवश्यक असलेले गुण खेळाडूच्या पानावर ठळक होतात, आणि सहायक प्रशिक्षक न विचारताही सल्ला देत असतो, जरी त्याच्या सल्ल्याची किंमत त्याच्या स्वतःच्या गुणांवरच ठरत असली तरी.

तुमच्या संघापुरते सांगायचे तर डावपेच लगेच मोडीत काढू नका. बचावफळी एक पायरी खाली आणा, प्रेसिंगची, म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडण्याची, तीव्रता कमी करा, पहिली बदली साठाव्या मिनिटाच्या आसपास करा, आणि बाकी काहीही न बदलता पाच-सहा सामने जाऊ द्या. या काळात निकालापेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या अपेक्षित गोलांच्या आकड्याकडे, म्हणजे मिळालेल्या संधींवरून त्याचे किती गोल व्हायला हवे होते या अंदाजाकडे, लक्ष ठेवा, कारण इतक्या थोड्या सामन्यांत निकाल नशिबानेही बदलतो. तो आकडा उत्तरार्धात खाली आला तर रोग दमछाकीचाच होता. खाली आला नाही, तर सेट पीसवरचे (कॉर्नर, फ्री किक अशा थांबलेल्या चेंडूवरच्या खेळाचे) गाइड शोधा आणि शेवटच्या वीस मिनिटांतले गोल कॉर्नरवरून किती आले ते एकदा मोजून पाहा.