डोंगरवाटेचे प्रश्न : बूट वॉटरप्रूफच हवेत का?

प्रश्न : ताई, मी चिंचवडला राहतो, नोकरी हिंजवडीत, जाणं-येणं बाइकवर. पावसाळ्यात रविवारी आमचा गट लोहगड, विसापूर, राजमाची असं काहीतरी करतो आणि यंदा डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा ठरलाय. ऑफिसला, गडावर आणि बर्फात चालेल असा एकच वॉटरप्रूफ जोड घ्यायचा आहे. बजेट पाच-सहा हजार. माझं पाऊल पुढून रुंद आहे. दुकानातला मुलगा म्हणतो, वॉटरप्रूफशिवाय पावसाळी ट्रेक करूच नका. गटातले जुने लोक म्हणतात, ॲक्शन कंपनीचे साधे बूट घे आणि गप चाल. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : गडासाठी गटातल्या जुन्यांचं ऐका, ऑफिससाठी आणि केदारकंठ्यासाठी दुकानातल्या मुलाचं. दोघंही खरंच बोलताहेत, फक्त वेगवेगळ्या पाण्याबद्दल.

विसापूरची पायऱ्यांची वाट जुलैत वाट राहत नाही, ओढा होते. पाणी घोट्याच्या वर, कधी पोटरीपर्यंत. बूट कितीही वॉटरप्रूफ असला तरी त्याला वरून एक मोठं भोक असतंच, ज्यातून आपण पाय घालतो. पाणी तिथून आत शिरतं, आणि मग जे अस्तर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तेच आतलं बाहेर जाऊ देत नाही. पुढचे चार तास तुम्ही दोन भरलेल्या बादल्या पायात घालून चालता. साध्या जाळीच्या बुटात पाणी लगेच शिरतं, हे खरं. पण प्रत्येक पावलाला ते पचपच करत बाहेरही पडतं आणि दहा मिनिटांत बूट हलका होतो. सह्याद्रीत पावसाळ्यात पाय कोरडे ठेवायचा नाद सोडून द्यायचा. पाय भिजणारच. घसरू नयेत आणि सोलवटू नयेत, एवढं बघायचं.

आता ‘ब्रीदेबल’चं, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या वॉटरप्रूफ बुटाचं. बुटाच्या आत जे पातळ पटल असतं त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं गोअर-टेक्स. टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकची तापवलेली कांडी हळूहळू ताणली की तुटायची. १९६९ साली बॉब गोअर यांनी वैतागून तिला एकदम हिसका दिला, तर ती तुटायच्या ऐवजी भराभर लांबली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं पडली. पाण्याच्या थेंबाला ती फार लहान, घामाच्या वाफेला पुरेशी मोठी. युक्ती अस्सल आहे. पण वाफ बाहेर जाते ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच. जुलैत राजमाचीच्या धुक्यात हवेलाच पाणी सुटलेलं असतं. तिथे तुमच्या पायाची वाफ जाणार कुठे? त्यात बाहेरचं कापड चिंब भिजलं की उरलेली वाटही बंद. मग वरून पाणी न शिरताही मोजे ओले होतात, घामानं.

केदारकंठ्याला उलट. साडेबारा हजार फुटांवर, डिसेंबरात, हवा थंड आणि कोरडी; बर्फ बुटाला बाहेरून ओलं करू बघतो आणि आतली वाफ सुखानं बाहेर पडते. वॉटरप्रूफ बूट मुळात अशाच हवेसाठी आहे. तिथे तो घ्याच, घोट्याच्या वर येणारा घ्या, आणि वरून बर्फ शिरू नये म्हणून गेटर, म्हणजे पोटरीपासून बुटावर येणारं आवरण, लावा. गेटर आणि बर्फात बुटाला बांधायचे काटे पायथ्याच्या सांकरी गावात भाड्यानं मिळतात, विकत घेऊ नका.

रोजच्या ऑफिसलाही तो चालेल. शहरातला पाऊस तासाभराचा, मग दिवसभर एसीची कोरडी हवा. पण बाइकवाल्यांसाठी दोन गोष्टी. रेनपँट बुटात खोचू नका, बुटाच्या वरून खाली येऊ द्या. नाहीतर पँटवरून ओघळलेलं सगळं पाणी मोजा पिऊन घेतो आणि तुम्ही बुटाला शिव्या घालता. दुसरं, गिअरची गाडी असेल तर डाव्या बुटाच्या चवड्यावर गिअरचा दांडा रोज घासतो. तिथलं कापड विरलं की आतलं पटल फाटायला वेळ लागत नाही. दांड्यावर रबरी टोपी नसेल तर बसवून घ्या, किंवा चवड्यावर रबराचं आवरण असलेला बूट निवडा.

एकाच जोडावर सगळं भागवू नका असं म्हणायला आणखी एक कारण आहे. डांबर आणि सिमेंटवर रोज चाललात की सोलचे खाचरे वर्षभरात गुळगुळीत होतात, आणि गडावर नेमके तेच लागतात. शिवाय खोल खाचऱ्यांचा सोल ऑफिसच्या ओल्या लादीवर सरकतो. लिफ्टसमोर पडणारे निम्मे ट्रेकर असतात, असा माझा लाडका सिद्धांत आहे.

म्हणून तुमच्या बजेटची वाटणी अशी : मोठा हिस्सा एका बऱ्या वॉटरप्रूफ जोडाला, उरलेल्यात पावसाळी गडांसाठी ॲक्शनसारखा साधा, चांगल्या पकडीचा बूट. वॉटरप्रूफ जोड आत्ताच घेऊन ऑफिसला वापरायला लागा, म्हणजे डिसेंबरपर्यंत तो पायाला बसेल. नवा कोरा बूट घालून हिमालयात जाणाऱ्यांच्या टाचांना कापूस-पट्ट्या लावून मी थकले आहे.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला घालणार तेच मोजे न्या. आणि ते सुती नकोत, सुती मोजा ओला झाला की ओलाच राहतो आणि फोड आणतो. बुटातला सुटा तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल दोन्ही कडांवरून बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमच्या रुंद पायाचा नाही; ‘वापरून सैल होईल’ हे ऐकू नका, पटल असलेला बूट फारसा सैल होत नाही. मग नाडी बांधून उतारावर उभे राहा. पुष्कळ दुकानांत लाकडी उतरण असते, नसेल तर जिन्याच्या पायऱ्या उतरा. अंगठा पुढे टेकला तर एक नंबर वरचा मागा. हरिश्चंद्रगड उतरून आल्यावर काळी पडणारी नखं दुकानातच ठरलेली असतात.

जीभ उघडून बघा. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी जिथपर्यंत शिवलेली असते, तिथपर्यंतच तो वॉटरप्रूफ. त्याच्या वर पाणी आलं की आत. काही बूट उंच दिसतात आणि जीभ मात्र खाली अर्ध्यावरच सुटलेली असते. सोलला नख टोचून बघा. नख जराही रुतत नसेल तर रबर कडक आहे, ओल्या कातळावर ते काचेसारखं सरकतं. शेवाळावर मात्र कुठलाच सोल धरत नाही, महागातला महाग असला तरी. तिथे बसून उतरायचं.

एक राहिलं. पावसाळ्याआधी सोल कडेनं शिवून घ्यायची आपल्याकडे चांगली पद्धत आहे. साध्या बुटाला जरूर घ्या. वॉटरप्रूफला शिवण वर कापडात घेऊ देऊ नका. प्रत्येक टाक्याला पटलाला एक भोक पडतं.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी लडाखसाठी घेतलेले महागडे बूट जेमतेम एकदा वापरून खोक्यात नीट ठेवले होते. गेल्या महिन्यात कर्नाळ्याला घालून गेले तर अर्ध्या वाटेत दोन्ही सोल गळून पडले. डिंक हलका होता का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : डिंकाचा दोष नसावा. तळाशी असलेला मऊ थर बहुधा पॉलीयुरेथेन नावाच्या फोमचा असणार. हवेतल्या ओलाव्याशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होत राहते आणि काही वर्षांत तो आतून भुसभुशीत होतो. मुंबईची हवा आणि बंद खोकं मिळून हे काम लवकर उरकतं. न वापरल्यानं बूट टिकत नाही, उलट अशा बुटाला न वापरणंच बाधतं. वर्षभर अधूनमधून घालून फिरा, आणि ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फोमचा थर असलेल्या बुटांना हा रोग होत नाही, पण तो लवकर दबून चपटा होतो; काहीतरी द्यावंच लागतं.

जुना बूट बाहेर काढलात की सोलच्या कडेचा मऊ थर अंगठ्यानं जोरात दाबा. बारीक भेगा दिसल्या किंवा चुरा हाताला लागला, तर तो जोड घेऊन डोंगरात जाऊ नका. शिवूनही उपयोग नाही, टाका धरायला आत काही उरलेलंच नसतं. आणि नव्या-जुन्या कुठल्याही बुटाबरोबर सॅकमध्ये एक जादा नाडी आणि थोडी चिकटपट्टी ठेवा. सोलच्या खालून आडवी नाडी घेऊन वर घोट्याला बांधली की गावापर्यंत येता येतं.

प्रश्न : दर पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. बूट रात्रभर फ्रिजमागे वाळवते, तरी सकाळी ओलसर लागतात. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फ्रिजमागची उष्णता डिंकाला वाईट, गॅसजवळची त्याहून वाईट. सुटा तळ काढा, नाड्या सैल करून जीभ पूर्ण उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासा-दोन तासांनी बदला. मग बूट आडवे करून पंख्याखाली. तळ आणि बूट वेगळे वाळवायचे, एकात एक नाही. एवढं करूनही जुलैत वॉटरप्रूफ बूट एका रात्रीत वाळेलच असं नाही, म्हणून लागोपाठ दोन दिवस तोच जोड घालू नका.

घरी आल्यावर पाय धुऊन बेचके टॉवेलच्या टोकानं एकेक करून कोरडे करा, तेवढ्यानं अर्धं काम होतं. औषधाच्या दुकानातून कुणी दिलेलं ‘सगळ्यावर चालणारं’ मलम लावू नका. पुष्कळांत स्टेरॉइड असतं, खाज थांबते आणि बुरशी पसरते. आठवड्यात फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी जा.