केसांसाठी डेक्सामेथासोन चालू आहे, ॲड्रिनल कायमची बंद पडेल का?

ताई, हनुवटीवरच्या केसांसाठी आठ महिने रोज रात्री अर्धा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडची गोळी घेताय, ती आजच सोडू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून एकदम सोडू नका. ॲड्रिनल सहसा कायमची बंद पडत नाही, पण सुस्तावते.

मी डॉक्टर नाही. हीच गोळी मी दीड वर्ष घेतली. मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, त्या हुकमावर किडनीच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल (आजारपणाचा ताण झेलायला लागणारं हार्मोन) आणि थोडे पुरुषी हार्मोन बनवतात. बाहेरून स्टिरॉइड आलं की पिट्यूटरी हुकूम देणंच कमी करते. पुरुषी हार्मोन घटतात, पण त्याबरोबर स्वतःचं कॉर्टिसोलही. परत सुरळीत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. मी वैतागून गोळी बंद केली आणि चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता डोळ्यांपुढे अंधारी आली, ओट्याला धरून खाली बसले. सकाळी आठचं कॉर्टिसोल अगदी कमी निघालं. मग एंडोक्रिनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, स्टिरॉइड हळूहळू उतरवलं.

गोळी कशाच्या आधारावर दिली, हे आधी विचारा. १७-ओएचपी केली होती का? ॲड्रिनलमध्ये जन्मजात दोष असेल तर हे हार्मोन वाढलेलं दिसतं. ही रक्ततपासणी पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी लवकर करतात. डेसिलिटरमागे २०० नॅनोग्रॅमच्या वर आली तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन पुढची तपासणी होते. डेक्सामेथासोन चालू असताना ती खोटी कमी येऊ शकते. माझी सुरुवातीला कुणी केलीच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर ती नॉर्मल आली. मूळ पीसीओएस होतं, म्हणजे जास्तीचे हार्मोन मुख्यतः अंडाशयातून येत होते.

दोष खरंच ॲड्रिनलचा असला तरी, एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शनात केसांसाठी आधी गर्भनिरोधक गोळ्या, मग गरज पडली तर स्पायरोनोलॅक्टोनसारखं पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवणारं औषध सुचवलंय, स्टिरॉइड त्यानंतर. मला या दोन्हींनी फरक पडला, पण सहा महिने थांबावं लागलं. स्पायरोनोलॅक्टोनवर असताना दिवस राहता कामा नयेत. जाड झालेले केस गोळीने गळून जात नाहीत, त्यासाठी लेझर केलं. पूर्वी दर दोन दिवसांनी खिडकीच्या उजेडात चिमटा घेऊन बसायचे, आता तीन आठवड्यांनी थ्रेडिंग पुरतं.

तोवर पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, डोस, कधीपासून. जोराचा ताप, उलट्या किंवा ऑपरेशनची वेळ आली तर दवाखान्यात सगळ्यात आधी तीच दाखवा.