साईडबॉटम हे खरंच आडनाव असतं का? त्याचा अर्थ काय आणि लोक ते बदलून का टाकत नाहीत?

तुम्ही २००७ ची ट्रेंट ब्रिज टेस्ट परत बघत होतात (तीच, आपल्या श्रीरामपूरच्या झहीरला बॅटिंगला आल्यावर पिचवर जेली बीन्स सापडल्या होत्या ती), त्यात इंग्लंडचा फास्ट बॉलर रायन साईडबॉटम दिसला आणि तुम्ही विचारलंय की याचा अर्थ 'बाजूचं बूड' असाच ना. भाषांतर वाचून चहा सांडायचा राहिला. पण गंमत म्हणजे तुम्ही वापरलेला बूड हा शब्दच निम्मं उत्तर आहे.

बघा, आपण भांड्याचं बूड म्हणतो, झाडाच्या बुडाशी पाणी घाल म्हणतो, आणि लोकलमधे बूड टेकायला जागा नाही असंही म्हणतो. पहिल्या दोन वेळा कोणी हसत नाही. इंग्रजीतल्या बॉटमचं डिट्टो तेच आहे. मूळ अर्थ तळ, आणि डोंगराळ भागात डोंगराचा तळ म्हणजे खोरं, दरीतली सपाट जागा. आडनावातला बॉटम हा खोऱ्यातला आहे. बसायचा बॉटम इंग्रजीत आला तो अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि ही आडनावं साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात पक्की झालेली, म्हणजे बिचाऱ्यांनी आडनाव घेतलं तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच, शब्द नंतर बिघडला. (अजून एक, संस्कृतातला 'बुध्न' म्हणजे तळ आणि हा बॉटम, दोघे एकाच घरातले सख्खे भाऊ आहेत. पंचांगात उत्तराभाद्रपदाची देवता अहिर्बुध्न्य लिहिलेली असते ना, त्यातला बुध्न. म्हणजे नात्याने बघितलं तर साईडबॉटम आपला लांबचा पाहुणाच.)

आता साईड. तोही बाजूवाला साईड नाही. जुन्या इंग्रजीत 'सीड' म्हणजे रुंद, ऐसपैस. तर साईडबॉटम म्हणजे रुंद खोऱ्यातला माणूस. आपल्याकडे दरेकर, डोंगरे, खोरे असतात की, तसलंच सरळसाधं पत्त्याचं आडनाव. मँचेस्टरच्या पूर्वेला लाँगडेंडेल म्हणून खोरं आहे तिथे ब्रॉडबॉटम नावाचं गावच आहे, अर्थ तोच, रुंद खोरं, आणि एकोणिसाव्या शतकात त्या गावात कापडगिरण्या चालवणारं घराणं कोणतं, तर साईडबॉटम.

मी कंपनीच्या कामाने मँचेस्टरला पावणेदोन वर्षं होतो, तेव्हा ऑफिसात एक बाई होत्या ज्यांचं आडनाव असंच बॉटमवालं होतं. फोनवर कोणाला नाव सांगायची वेळ आली की आधी अर्धा सेकंद थांबायच्या, मग सपाट आवाजात आडनाव, आणि समोरचा काही बोलायच्या आत लगेच "हो, ऐकू आलं तसंच लिहा". रोज दोन-तीनदा तरी. मला आधी वाटायचं चिडल्यात, मग कळलं की चिडून चिडून झालेलं आहे, आता नुसती सवय.

त्यांनीच मला रॅम्सबॉटमला जाऊन ये म्हणून सांगितलं. मँचेस्टरच्या उत्तरेला बरी म्हणून गाव आहे तिथून जुनी वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, हौशी लोक चालवतात ती. रॅम्सबॉटमला उतरलात की बाजूलाच इरवेल नदी, सगळं गाव उतारावर आणि वर डोंगरावर पील टॉवर. त्या टॉवरपाशी धापा टाकत पोचलो आणि खाली बघितलं तर दोन्हीकडे हिरवे डोंगर आणि मधे घरं, गिरणीची चिमणी, नदी, रूळ सगळं तळाशी दाटीवाटीने बसलेलं, पावसाळ्यात मुळशीकडे दिसतं तसंच, फक्त भातखाचरं नाहीत. त्या क्षणी बॉटम म्हणजे काय ते डिक्शनरीशिवाय कळलं. रॅम्सचं मात्र दोन तऱ्हेने सांगतात, कोणी म्हणतं मेंढ्यांचं खोरं, कोणी म्हणतं रानलसणीचं. मला लसूणच पटते.

आणि रॅम्सबॉटम आडनावाला हसण्याआधी आपल्या बाईकला नमस्कार करा, कारण इंजिनात जी कापलेली पिस्टन रिंग असते ना, जी झिजली की मेकॅनिक "रिंगा गेल्या" म्हणतो, ती १८५२ च्या सुमाराला जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनिअरने आणली.

सगळ्यात हसं होतं शफलबॉटमचं. पण तेसुद्धा बरीजवळच्याच एका जागेवरून आलंय, मूळ अर्थ मेंढ्या धुवायच्या ओढ्याचं खोरं. लोकर कातरायच्या आधी मेंढ्या धुवायचे, त्या ओढ्याकाठचे लोक, बस. मूळ नाव शिपरबॉटमसारखं काहीतरी, मग पाद्री रजिस्टरमधे कानाला ऐकू येईल तसं उतरवणार, त्यातून शफल झालं आणि शिंपी-सुतारासारख्या साध्या आडनावाचा चारशे वर्षांनी जोक झाला.

आता तुमचा खरा प्रश्न, बदलत का नाहीत. अहो बदलतात की! तिकडे डीड पोल म्हणून कागद करतात, साक्षीदारासमोर सही केली की झालं, आपल्यासारखं राजपत्रात छापून यायची वाट बघायला नको. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे रिचर्ड वेबर यांनी १८८१ ची आडनावं आणि २००८ ची आडनावं समोरासमोर ठेवून बघितली तर लाजिरवाणी आडनावं धडाधड कमी झालेली, शफलबॉटम साधारण ४० टक्के कमी. लोकसंख्या वाढत असताना हं हे. साईडबॉटमही दुर्मिळच, मँचेस्टर-यॉर्कशायर पट्टा सोडला की फारसं कानावर पडत नाही. काहींनी आडनाव ठेवलं पण उच्चार बदलला, "सिडी-बो-टोम" असं फ्रेंच अत्तराच्या नावासारखं म्हणायला लावतात. काहींनी फक्त स्पेलिंग फिरवलं, डबल टी काढून टी-एच, ओ काढून ए. चेन्नईला १८४४ पासून चालू असलेलं हिगिनबॉथम्स पुस्तकांचं दुकान बघितलंय ना, त्यात शेवटी हाच बॉटम लपलाय, आपण इतकी वर्षं पिशवीवर वाचतोय पण कळलं नाही.

आणि इयान बोथम! ते आडनावही याच शब्दाचं दुसरं रूप, अर्थ खोऱ्यात राहणारा. फेब्रुवारी १९८० ची वानखेडेवरची ज्युबिली टेस्ट आठवत असेल कोणाला, मधे खग्रास सूर्यग्रहण आलं म्हणून त्या दिवशी सुट्टी ठेवली होती, त्या मॅचमधे या माणसाने ११४ रन आणि १३ विकेट काढून आपल्याला पार धुतलं. माझे बाबा अजून सांगतात, आणि सांगताना बोथम हे नाव इतक्या आदराने घेतात की त्याचं मराठी काय होतं हे सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

साईडबॉटम घराण्याने मात्र काहीच फिरवलं नाही. रायनचे वडील आर्नी, तेही इंग्लंडकडून एक टेस्ट खेळले १९८५ मधे, त्याआधी मँचेस्टर युनायटेडकडून फुटबॉल, म्हणजे हजारो लोकांच्या स्टेडियममधे हेच आडनाव घेऊन उतरायचे, आणि इंग्लिश प्रेक्षक काय ओरडत असतील याची कल्पना करा. पोरानेही तेच ठेवलं, २२ टेस्ट, २००८ मधे हॅमिल्टनला हॅटट्रिक, २०१० चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. ते कुरळे लांब केस उडवत धावत यायचा तेव्हा बॅट्समनला आडनावाचं हसू येत असेल असं काही वाटत नाही.