माळ्यावरच्या रेकॉर्डी आणि पाण्यासारखा आवाज

प्रश्न : माळ्यावर १९६०च्या दशकातल्या सर्फ गिटारच्या (लाटांवरच्या सर्फिंगशी जोडलेलं अमेरिकन गिटारसंगीत) ४५ आरपीएम, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, रेकॉर्डी सापडल्या. पांढरी बुरशी आहे. वाजवल्यावर गिटारमागे पाण्यात खडा पडल्यासारखा आवाज येतो. खराब झाल्यात का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : तो आवाज दोष नव्हे, तोच तर या संगीताचा प्राण! फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने १९६१मध्ये स्प्रिंग रिव्हर्बची, म्हणजे स्प्रिंगने आवाज घुमवणारी, वेगळी पेटी आणली. गिटारचा सिग्नल तिच्यातल्या लांब स्प्रिंगांतून जातो. तार तळहाताने दाबून झटक्यात छेडली की स्प्रिंग थरथरते आणि तो ओला 'टुप्प' उमटतो. ओरखड्याचा 'कट्' मात्र दर फेरीला, सुमारे १.३३ सेकंदांनी, ठरल्यासारखा येतो. त्यावरून फरक ओळखा.

बुरशी अंगणात, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने झाडा. १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे २-३ थेंब घालून मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने, गोल पुसा. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा, नाहीतर साबणाचा थर सुईवर गोळा होतो. विहिरीचं पाणी नकोच, त्यातले क्षार खाचेत बसतात. सावलीत उभ्या वाळवा.

एखादीवर ७८ (आरपीएम) लिहिलं असेल तर ती बहुधा लाखेची. तिला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. आतली जुनी कागदी पाकिटं टाकून द्या. बुरशी तिथूनच परत येते, आणि आपल्याकडच्या आषाढात तर आठवड्याभरात.