५२० गुणांत एमबीबीएस मिळेल का?

चि. मुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेच्या, सराव परीक्षेत ७२० पैकी ५२० येतात, एमबीबीएस मिळेल का, एवढंच तू विचारलंस. नुसत्या ५२० वरून याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही, आणि जो ठामपणे देतो त्याच्यावर विसंबू नकोस. प्रवेश गुणांवर होत नाही, क्रमांकावर होतो. २०२४ ला ६०० गुणांना देशात ८० हजारांच्या आसपास क्रमांक लागला. २०२५ ला भौतिकशास्त्र फार अवघड निघालं, देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते आणि ६०० च्या वर जेमतेम तेराशे जण गेले. म्हणजे तेच ५२० एका वर्षी पहिल्या पन्नास हजारांत बसतात आणि दुसऱ्या वर्षी लाखाच्या पलीकडे जातात. जुन्या कटऑफच्या याद्या बघताना गुणांचा रकाना झाकून ठेव, ऑल इंडिया रँकचा, म्हणजे देशातल्या क्रमांकाचा, वाच.

‘पात्र’ या शब्दानेही फसू नकोस. खुल्या गटाला पात्रतेसाठी ५० पर्सेंटाइल लागतो, म्हणजे परीक्षेला बसलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे असणं, ५० टक्के गुण नव्हेत. २०२५ ला ७२० पैकी १४४ गुणांना मूल पात्र ठरलं. बारा लाखांवर मुलं पात्र झाली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. पात्रता म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, बस्स.

बारावीचंही तसंच. तुझ्या घरी ९० टक्क्यांचा धोशा लागलाय असं दिसतं. आपल्याकडे एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण धरले जात नाहीत. ते फक्त उंबरठा आहेत: भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०, आणि राखीव गटांना ४० टक्के, म्हणजे १२०. शिवाय प्रत्येक विषयात पास, आणि इंग्रजीतही पास. १५१ असोत की २९१, यादीतली जागा तीच. पण उंबरठा अडला तर नीटचे ६५० सुद्धा वाया जातात, म्हणून प्रात्यक्षिकांच्या वह्या आणि इंग्रजी यांना हलकं समजू नकोस.

आता तुझ्या ५२० कडे बघू. तू पाठवलेला तपशील असा: जीवशास्त्र ३००, रसायन १३०, भौतिक ९०. उलगडून बघितलं तर जीवशास्त्रात ७८ बरोबर, १२ चूक. रसायनात ३४ बरोबर, ६ चूक, ५ सोडलेले. भौतिकात २६ बरोबर, १४ चूक, ५ सोडलेले. बरोबर उत्तराला ४, चुकलं की १ वजा. म्हणून चुकलेला प्रश्न बरोबर आला की एकदम ५ गुणांचा फरक पडतो, आणि चुकलेला नुसता सोडला असता तर १ चाच. भौतिकातल्या १४ पैकी ८ सोडून दिले असतेस तरी फक्त ८ वाढले असते. जीवशास्त्रातल्या १२ पैकी ६ सुधारलेस तर ३० वाढतात, आणि ते सुधारणं सगळ्यात सोपं आहे, कारण त्या चुका बहुतेक वाचनाच्या असतात. राज्य मंडळाचं पुस्तक पाठ असतं, पण प्रश्न एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकाच्या, ओळीतून आलेला असतो. तिथली आकृती, तक्ता, आकृतीखालची ओळ नजरेआड झालेली असते. जीवशास्त्राला एनसीईआरटीची दोन्ही वर्षांची पुस्तकं ओळ न् ओळ वाच.

चुकांची वही कर. प्रत्येक चुकीपुढे कारण लिही: माहीतच नव्हतं, घाईत वाचलं, आकडेमोड चुकली, की अंदाज मारला. अंदाजाबद्दल एक हिशोब लक्षात ठेव. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर अंदाजाने सरासरी पाव गुण पदरात पडतो. त्यासाठी धोका पत्करू नये असं माझं मत. दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर सरासरी दीड गुण मिळतो, तिथे जरूर गोल भर. एकदा भरलेला गोल बदलता येत नाही. २०२५ पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटंच आहेत, आधीचे २० मिनिटं जास्तीचे दिवस गेले. त्यामुळे जीवशास्त्र ४५ ते ५० मिनिटांत संपवायची सवय लागलीच पाहिजे. मराठी प्रश्नपत्रिका घेणार असशील तर शेजारचा इंग्रजी मजकूरही वाच, कारण भाषांतराचा वाद झाला तर इंग्रजीच अंतिम धरतात. दोघांना सारखे गुण पडले तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनाचे, मग भौतिकाचे गुण बघतात. जीवशास्त्र पक्कं करायला हे आणखी एक कारण.

आता क्रमांक कुठे चालतो ते. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, भरते. तिथे खुल्या गटाची पहिली फेरी अलीकडे वीस हजारांच्या आसपासच्या क्रमांकाला थांबते. उरलेल्या ८५ टक्के आपला सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश कक्ष, भरतो आणि तिथे तुझी स्पर्धा फक्त महाराष्ट्रातल्या मुलांशी. तुझा खरा आधार हाच. पण त्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी आणि अधिवास प्रमाणपत्र हवं. राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी देण्याचा बेत तू लिहिला आहेस, तो नियमपुस्तिका वाचल्याशिवाय पक्का करू नकोस. क्लास कुठेही लाव, बारावी इथून दे. काही मोजके अपवाद आहेत, जसं सीमाभागातल्या मुलांसाठीच्या जागा, पण ते तुला लागू नाहीत.

तू कोणत्या प्रवर्गात आहेस ते कळवलं नाहीस. राखीव असशील तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि ते समितीकडून यायला महिने जातात. अर्ज आत्ताच, अकरावी-बारावीतच कर. नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, लागत असेल तर ते चालू मुदतीचं हवं. आणि ओबीसी असशील तर एमसीसीला केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. राज्याचा तिथे चालत नाही. एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजासाठीचं, आरक्षण तर राज्यापुरतंच आहे.

पसंतीक्रम भरताना कटऑफ बघून घाबरून वरची महाविद्यालयं गाळू नकोस. जिथे जायला आवडेल त्या क्रमाने भर. वर अशक्य नाव लिहिल्याने खालची जागा जात नाही. मात्र जिथे मिळाली तरी जाणार नाहीस ते नाव लिहूच नकोस. स्टेटस रिटेन्शन फॉर्म मिळालेली जागा कायमची हवी असेल तरच भर, कारण तो भरला की पुढच्या फेऱ्या बंद.

पुढच्या तीन सराव परीक्षांचे बरोबर, चूक आणि सोडलेले असे विषयवार आकडे, प्रवर्ग आणि दहावीची गुणपत्रिका कुठल्या मंडळाची आहे, एवढं लिहून पाठव.

तुझा हितचिंतक