घर सासूच्या नावावर आहे. मारहाणीची तक्रार केली तर मला घराबाहेर काढतील का?

कायदेशीर प्रक्रियेशिवाय नाही काढता येत. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ चं कलम १७ वाचा: घर कुणाच्याही नावावर असो, तिथे नांदणाऱ्या बाईला राहण्याचा हक्क आहे. सासरच्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. 'घर आमचं आहे' ही धमकी त्यामुळे बरीचशी पोकळच.

आधी संरक्षण अधिकाऱ्यांना (याच कायद्याखाली नेमलेले अधिकारी) गाठा, कोर्टातल्या अर्जाला तेच मदत करतात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. बायकांना उत्पन्नाची अट नाही. जीवावर बेतलं तर ११२, एरवी महिला हेल्पलाइन १८१.

आणि सरकारी दवाखान्यातला केसपेपर जपा, धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट बहिणीकडे पाठवून ठेवा. फोन हमखास हिसकावला जातो.